'सांगू नका' म्हणणाऱ्यांना

गाडीला बाहेरून सीएनजी किट बसवलं, मोठी चाकं घातली, चांगली म्युझिक सिस्टीम लावली की पाठोपाठ एक सल्ला हमखास येतो: इन्शुरन्सवाल्याला सांगू नका. हा सल्ला किट बसवणारा फिटर देतो, ॲक्सेसरीच्या दुकानातला माणूस देतो आणि खेदाची गोष्ट अशी, की पुष्कळदा पॉलिसी काढून देणारा एजंटही देतो. त्यामागचा तर्क असा: सांगितलं तर हप्ता वाढतो, कंपनी नाना प्रश्न विचारते, कदाचित पॉलिसीच नाकारते. न सांगितलं तर जुन्या हप्त्यात काम भागतं, आणि क्लेमची वेळ आलीच तर सर्व्हेअरशी बोलून घेता येतं. स्वस्त विम्याची ही वाट इतकी रुळली आहे की तिच्यात काही वावगं आहे असं कुणाला वाटेनासं झालं आहे. प्रामाणिकपणाचा मुद्दा क्षणभर बाजूला ठेवू. हा सल्ला ज्या पैशाच्या हिशोबावर उभा आहे तो हिशोबच मुळात चुकीचा आहे, आणि बदल केलेल्या गाडीला परवडणारा विमा हवा असेल तर तो बदल सांगूनच मिळतो, हे मला इथे मांडायचं आहे.

आधी हप्त्याचंच पाहू, कारण सगळी भीती त्याचीच आहे. २००२ च्या इंडिया मोटार टॅरिफमध्ये बाहेरून बसवलेल्या वस्तूंचा हिशोब लिहून ठेवलेला आहे. सीएनजी किंवा एलपीजी किटसाठी किटच्या किमतीच्या ४ टक्के आणि थर्ड पार्टीपोटी वर ६० रुपये. म्युझिक सिस्टीम, जादा दिवे अशा विजेवर चालणाऱ्या वस्तूंसाठीही किमतीच्या ४ टक्के. अलॉय व्हीलसारख्या बाकीच्या वस्तूंची किंमत गाडीच्या आयडीव्हीत, म्हणजे विम्यासाठी धरलेल्या किमतीत, मिळवायची आणि गाडीचाच दर लावायचा. १ जानेवारी २००७ पासून ओडीचे, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे, दर कंपन्यांच्या हाती गेले. तरी कोट काढताना आजही सर्रास हीच पद्धत दिसते. आता आकडे घालून बघा. किट ६० हजारांचं धरलं तर ४ टक्क्यांचे २,४०० आणि वरचे ६० मिळून २,४६० रुपये होतात. १८ टक्के जीएसटी धरून साधारण २,९००, म्हणजे महिन्याला अडीचशेच्या आत. पुण्या-मुंबईच्या झोनमध्ये १००० ते १५०० सीसीच्या, पाच वर्षांच्या आतल्या गाडीचा टॅरिफमधला दर ३.२८३ टक्के आहे. त्या दराने ५० हजारांच्या अलॉयचे सुमारे १,६४० रुपये होतात, आणि कंपन्या ओडीवर जी सूट देतात ती यातून अजून वजा व्हायची असते. थर्ड पार्टीचा दर तर सरकारच ठरवतं. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांप्रमाणे १००० सीसीपर्यंतच्या मोटारीला २,०९४, १५०० सीसीपर्यंत ३,४१६ आणि त्यापुढे ७,८९७ रुपये. चाकं बदलली म्हणून यात एक रुपयाही वाढत नाही. एवढी रक्कम वाचवण्यासाठी सहा लाखांच्या गाडीचा क्लेम पणाला लावायचा, याला काटकसर म्हणता येणार नाही.

यावर पहिला आक्षेप विमा व्यवसायाच्याच बाजूने येतो. बदललेली गाडी म्हणजे जास्त धोक्याची गाडी, मग तिला विमा महाग पडणारच किंवा मिळणारच नाही, असं सरसकट सांगितलं जातं. पण ज्या टॅरिफवर हा व्यवसाय उभा राहिला तेच टॅरिफ हे मानत नाही. दिव्यांग व्यक्तीसाठी खास बदलून घेतलेल्या गाडीला त्यात ओडीच्या हप्त्यावर ५० टक्के सूट आहे. पायाने दाबायचा ब्रेक हाताशी आणला, ॲक्सिलरेटर स्टिअरिंगजवळ घेतला, तर हा गाडीच्या नियंत्रणातला मोठा बदल झाला. तरी हप्ता निम्मा होतो. मान्यताप्राप्त चोरीरोधक यंत्र बसवलं तर अडीच टक्के, जास्तीत जास्त ५०० रुपये, सूट आहे. बदल म्हणजे धोका हे समीकरण टॅरिफ करणाऱ्यांनी कधी मांडलंच नव्हतं. बदल कोणता, कुणी केला, त्याची नोंद कुठे आहे, हे त्यांनी विचारलं होतं, आणि तोच प्रश्न बरोबर आहे.

टायरचं उदाहरण घेतलं तर हा फरक स्पष्ट दिसतो. मारुती स्विफ्टच्या २०१८ मध्ये आलेल्या पिढीत खालच्या व्हेरियंटला १६५/८० आर १४ हे माप होतं आणि वरच्याला अलॉयसकट १८५/६५ आर १५. दोन्ही टायरचा बाहेरचा व्यास मोजला तर पहिल्याचा सुमारे ६२० आणि दुसऱ्याचा ६२१ ते ६२२ मिलिमीटर भरतो. दोन मिलिमीटरच्या फरकाने स्पीडोमीटर बिघडत नाही, चाक फेंडरला घासत नाही, आणि हे माप उत्पादकाने स्वतःच त्या गाडीला दिलेलं आहे. त्याच १५ इंची रिमवर कुणी हौसेने २०५/६५ घातलं, तर व्यास साडेसहाशेच्या जवळ जातो. मूळ मापापेक्षा तो साडेचार टक्के मोठा. म्हणजे काटा १०० दाखवतो तेव्हा गाडी १०४-१०५ ने धावत असते, वळणावर टायर आतल्या अस्तराला लागू शकतो आणि ब्रेकलाही मोठं चाक थांबवायचं असतं. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही गाड्या 'टायर बदललेल्या'च दिसतात. विमा कंपनीने पहिलीला विनातक्रार घ्यावं आणि दुसरीला प्रश्न विचारावेत. आणि हे शक्य होण्यासाठी मालकाने माप लिहून द्यायला हवं. न सांगणारा माणूस आपल्या सुरक्षित बदलाला धोकादायक बदलाच्या रांगेत स्वतःच नेऊन बसवतो.

दुसरा आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे. कायदाच बदलाला बंदी घालतो, मग कंपनीला लेखी कळवणं म्हणजे आपल्या विरुद्धचा पुरावा आपणच देणं नाही का? मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी आरसीवरचा तपशील जुळणार नाही असा बदल करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या जयचंद्र प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ नव्याने लिहिलं गेलं आणि परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठरली. हे सगळं खरं आहे. मात्र बंदीचा दाखला देणारे कलम ५२ चं स्पष्टीकरण वाचत नाहीत. गाडीच्या मूळ वैशिष्ट्यात फरक पडेल असा रचनेतला बदल, एवढाच 'बदल' या शब्दाचा अर्थ तिथे दिला आहे. सीट कव्हर, म्युझिक सिस्टीम, रिव्हर्स कॅमेरा, उत्पादकाने त्याच मॉडेलला दिलेल्या मापाची चाकं यांनी गाडीची रचना बदलत नाही. सीएनजी किटला त्याच कलमाने वाट ठेवली आहे: मान्यताप्राप्त किट, अधिकृत फिटर, आरटीओकडे आरसीवर नोंद. बीएस-६ पेट्रोल गाड्यांनाही ऑगस्ट २०२२ पासून ही वाट खुली झाली. रंग बदलायचा असेल तर आरटीओकडे अर्ज करून नोंद बदलून घेता येते. म्हणजे लोक घाबरून दडवतात त्यातले बहुतेक बदल एकतर या कलमाच्या कक्षेतच येत नाहीत, नाहीतर नोंद केल्यावर नियमित होतात.

उरतात ते खरोखर निषिद्ध बदल. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने ज्यांच्यावर कारवाई करायला सांगितलं ते पुढचे बुलबार, कापलेल्या स्प्रिंगा, आवाज वाढवण्यासाठी पोकळ केलेले सायलेन्सर, आरसीवर एक आणि बॉनेटखाली दुसरं असं इंजिन. मंडी डबवालीसारख्या बाजारातून जुन्या भागांची जुळवाजुळव करून आणलेल्या आणि कागद भलत्याच गाडीचे असलेल्या जीपही यातच आल्या. यांना परवडणारा विमा मिळावा असं माझं म्हणणं नाही. बुलबार ज्या पादचाऱ्याच्या छातीवर आदळतो त्याचाही या व्यवहारात वाटा आहे. त्यामुळे इथे 'सांगू नका' याच्या जागी 'काढून टाका' हाच सल्ला बरोबर ठरतो. निषिद्ध बदलाचं भय दाखवून कायदेशीर बदल दडवायला लावणं मात्र थांबलं पाहिजे. एका बुलबारवाल्याच्या भीतीपोटी शंभर सीएनजीवाले विनाकारण आपला क्लेम धोक्यात घालतात.

तिसरा आक्षेप थर्ड पार्टीचा आहे. गाडीचं नुकसान सोसू, समोरच्याला तर कंपनीला द्यावंच लागेल, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. इथे कायद्याचा मजकूर त्यांच्या अगदी उलट उभा आहे. अपघातग्रस्ताच्या दाव्यात विमा कंपनीला कोणकोणत्या कारणांनी हात वर करता येतात, त्यांची मोजकी यादी कलम १५० मध्ये आहे. २०१९ च्या दुरुस्तीआधी ती कलम १४९ मध्ये होती. चालकाकडे परवाना नसणं, खासगी गाडी भाड्याने वापरणं, शर्यतीत उतरवणं अशी ती कारणं आहेत. 'गाडीत बदल' हे कारण त्या यादीत स्वतंत्रपणे नाही. यादीत आहे ते असं: महत्त्वाची वस्तुस्थिती न सांगता, किंवा खोटी सांगून पॉलिसी मिळवणं. म्हणजे मोठ्या चाकांपेक्षा, किटपेक्षा त्यांच्याबद्दलचं मौनच कंपनीच्या हातात हत्यार देतं. सर्वोच्च न्यायालयाने २००४ च्या स्वरण सिंग खटल्यापासून अपघातग्रस्ताला आधी कंपनीने पैसे द्यायचे आणि मग ते मालकाकडून वसूल करायचे, अशी वाट घालून दिली. तो खटला मुख्यतः परवान्याचा होता, पण वसुलीचं हे तत्त्व मालकाने नीट समजून घ्यायला हवं. समोरच्याला भरपाई मिळाली म्हणून मालक सुटत नाही. एखाद्या कमावत्या माणसाच्या मृत्यूची भरपाई लाखांत जाते, आणि ती वसुली घरावर, पगारावर येते.

'बघतंय कोण?' हा चौथा आक्षेप प्रत्यक्षात सगळ्यांत जास्त चालतो. आग लागलेल्या गाडीचा सर्व्हे कसा होतो हे ज्यांनी जवळून पाहिलेलं नाही तेच असं म्हणू शकतात. हेडलाइटच्या मूळ एच-४ बल्बवर ६०/५५ वॅट लिहिलेलं असतं. बाजारात त्याच खोबणीत बसणारा १००/९० वॅटचा बल्ब मिळतो, आणि फिटर तो जुन्याच वायरिंगवर लावून देतो. जवळपास दोन तृतीयांश जास्त करंट त्याच बारीक तारेतून, त्याच स्विचमधून, त्याच कनेक्टरमधून जातो. वेगळा रिले नाही, जाड तार नाही, फ्यूज उडतो म्हणून मोठा फ्यूज घातलेला. काही महिन्यांत कनेक्टरचं प्लॅस्टिक पिवळं पडतं, मग काळवंडून ठिसूळ होतं. आग लागल्यानंतरही हे वाचता येतं: तांब्याच्या तारेला वितळून आलेला मणी कुठे आहे, जोड सोल्डरचा होता की टेप गुंडाळलेला, फ्यूजबॉक्समध्ये कोणत्या अँपिअरचा फ्यूज बसवला होता. सीएनजीच्या टाकीवर तर क्रमांक आणि चाचणीची तारीखच कोरलेली असते, आणि दर ३ वर्षांनी करायची हायड्रो टेस्ट झाली की नाही हे कागदावरून पाच मिनिटांत कळतं. गाडी फक्त बंपरला घासलेली असेल तर कदाचित कुणी खोलात जाणार नाही. पण विमा घेतला जातो तो घासलेल्या बंपरसाठी नाही. क्लेमची रक्कम जेवढी मोठी, तेवढी तपासणी बारीक होते. म्हणजे दडवलेला बदल नेमका त्या दिवशी उघडा पडतो ज्या दिवशी विम्याची सर्वांत जास्त गरज असते.

एका मुद्द्यावर मात्र 'सांगू नका' म्हणणाऱ्यांचा राग मला पटतो. कंपन्या बदलाचं निमित्त करून सगळा क्लेम नाकारतात, त्या बदलाचा अपघाताशी काडीचा संबंध नसला तरी. सिग्नलला उभ्या असलेल्या गाडीला मागून ट्रकने धडक दिली आणि कंपनीने म्युझिक सिस्टीमकडे बोट दाखवलं, तर तो अन्यायच आहे. पण हा अन्याय चालवून घ्यायचा नाही एवढा आधार आपल्या न्यायालयांनी देऊन ठेवला आहे. २००८ च्या नितीन खंडेलवाल खटल्यात गाडी चोरीला गेली होती आणि ती टॅक्सी म्हणून वापरली होती असं सांगून कंपनीने हात झटकले होते. चोरीच्या दाव्यात तो वापर गैरलागू आहे, असं सर्वोच्च न्यायालय म्हणालं आणि ७५ टक्के भरपाई कायम राहिली. २०१० च्या अमलेंदू साहू खटल्यात न्यायालयाने कंपन्यांचेच 'नॉन-स्टँडर्ड' निकष पुढे ठेवले: अटीचा भंग झाला असला तरी अख्खा क्लेम फेटाळायचा नाही, देय रकमेच्या ७५ टक्क्यांपर्यंत द्यायचं. याला मर्यादा आहेत, हेही सांगायला हवं. २०१४ च्या नरिंदर सिंग खटल्यात गाडीच्या तात्पुरत्या नोंदणीची मुदत उलटून गेली होती आणि न्यायालयाने मालकाला काहीच दिलं नाही, कारण नोंदणी हा पायाच आहे. आरसीशी न जुळणारी गाडी चालवणाऱ्याने हा निकाल जरूर लक्षात ठेवावा.

पण ७५ टक्क्यांचं हे सूत्रही मला अपुरं वाटतं. दीड हजाराचा हप्ता चुकला म्हणून सहा लाखांतले दीड लाख कापले जातात, आणि त्यासाठीही वर्षानुवर्षं ग्राहक आयोगाच्या पायऱ्या चढाव्या लागतात. ब्रिटनने २०१२ साली ग्राहक विम्यासाठी वेगळा कायदा करून याची चांगली सोडवणूक केली. ग्राहकाने हलगर्जीपणाने माहिती दिली नाही, आणि दिली असती तर कंपनीने जास्त हप्ता घेऊन विमा दिलाच असता, तर क्लेम त्या प्रमाणात कमी होतो. शंभर रुपये हप्ता व्हायला हवा होता आणि ऐंशी भरले, तर भरपाईही ऐंशी टक्के. जाणूनबुजून फसवलं असेल तर मात्र कंपनी क्लेम नाकारू शकते. विमा नियामक आयआरडीएआयने आपल्याकडे हेच प्रमाण लागू करावं, आणि बदल नुकसानीला कारणीभूत ठरला हे सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीवर टाकावी. त्याबरोबर प्रपोजल फॉर्ममधला 'इलेक्ट्रिकल' आणि 'नॉन-इलेक्ट्रिकल' ॲक्सेसरीचा रकाना शून्य धरून पुढे जाऊ देऊ नये. आज ऑनलाइन कोट स्वस्त दिसावा म्हणून तो रकाना न विचारताच ओलांडला जातो, आणि त्या शून्याचा दोष शेवटी ग्राहकाच्या माथी येतो. मला याची चीड येते, कारण दडवण्याचा आरोप ज्याच्यावर होतो त्याला अनेकदा कुणी काही विचारलेलंच नसतं.

पैसे वाचवण्याच्या सरळ वाटाही आहेत. नो क्लेम बोनस पहिल्या वर्षाच्या २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत चढतो, म्हणून तीन-चार हजारांच्या ओरखड्यासाठी क्लेम करू नये. पहिले काही हजार स्वतः सोसायची तयारी, म्हणजे व्हॉलंटरी डिडक्टिबल, घेतली की हप्ता उतरतो. सप्टेंबर २०१९ पासून ओडीची पॉलिसी थर्ड पार्टीपासून वेगळी, दुसऱ्या कंपनीकडून घेता येते. एक कंपनी बदलाबद्दल अडून बसली तर दुसरीकडे जाता येतं. हौसेची गाडी महिन्यातून दोनदाच बाहेर निघत असेल तर जुलै २०२२ पासून परवानगी मिळालेलं 'पे ॲज यू ड्राइव्ह' बघावं. संकेतस्थळावर अडलं तर सरकारी कंपनीच्या शाखेत बिल आणि फोटो घेऊन जावं.

आता शेवटचा प्रश्न. ज्यांनी दोन-चार वर्षं दडवलं आहे, त्यांनी आता सांगितलं तर जुनं उकरलं जाणार नाही का? ज्या वर्षांत क्लेमच घेतलेला नाही त्या वर्षांचं कंपनीने परत मागावं असं काही उरत नाही. किट आरसीवर नसेल तर आधी आरटीओकडे जावं, कारण तिथल्या नोंदीशिवाय कंपनी एन्डॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीवर बदलाची नोंद, देणार नाही. मग रिन्यूअलची वाट न पाहता चालू पॉलिसीवरच एन्डॉर्समेंट मागावी. उरलेल्या महिन्यांचाच जादा हप्ता पडतो. बिल हरवलं असेल तर कंपनीला गाडी पाहून आजची किंमत धरायला सांगावं. हे सगळं एजंटला तोंडी सांगून सोडू नये. कंपनीच्या पत्त्यावर ईमेल करावा, चाकांचे, टाकीवरच्या क्रमांकाचे, वायरिंगचे फोटो जोडावेत आणि एन्डॉर्समेंटचा कागद हाती येईपर्यंत पाठपुरावा करावा. इतकं करूनही कंपनीने क्लेम फेटाळला तर आधी तिच्याच तक्रार विभागाकडे लेखी जावं, आणि तिथे दाद लागली नाही तर विमा लोकपालाकडे. पुण्यात आणि मुंबईत त्यांची कार्यालयं आहेत, ५० लाखांपर्यंतचे दावे ते ऐकतात, फी नाही, वकील लागत नाही; तक्रार मात्र कंपनीचं अंतिम उत्तर आल्यापासून एका वर्षाच्या आत दाखल व्हावी लागते.